मुलीची दहावी होईपर्यंत याच भाड्याच्या घरात राहायचंय, मालकांशी कसं बोलू?

कर्वेनगर_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही तिघं, मी नवरा आणि मुलगी, ती आता पाचवीत आहे. गेल्या सहा वर्षांत हे आमचं तिसरं घर. पहिलं घर मालकांनी विकलं, दुसऱ्या घरातून मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून निघावं लागलं, दोन्ही वेळेला आमची काहीच चूक नव्हती आणि त्यांचीही नव्हती असंच म्हणेन. पण सामान बांधणं, ब्रोकरला परत एक महिन्याचं भाडं देणं, गॅसचं ट्रान्स्फर, शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना विनवण्या, हे सगळं दोनदा करून मी खरंच थकलेय. गेल्या आठवड्यात माळा आवरताना रिकामे खोके रद्दीत द्यायला काढले तर मुलगी म्हणाली आई ते ठेव ना, परत लागतील. त्या वाक्यापासून मला नीट झोप नाहीये.

आत्ताचं घर पुण्यात कर्वेनगरमध्ये, टू बीएचके, सगळ्यात वरचा मजला, भाडं 24,000, डिपॉझिट 75,000. मालक काका-काकू नाशिकला असतात, स्वभावाने चांगले, फोन फार करत नाहीत. 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट दोन महिन्यांनी संपतंय. काका अजून काही बोललेले नाहीत आणि मी पण विषय काढलेला नाही, भीती ही की आपण आठवण करून दिली की भाडं वाढवतील नाहीतर म्हणतील आम्हालाच लागणारे घर.

दुसरं म्हणजे या पावसाळ्यात मागच्या बेडरूमच्या भिंतीला वरून ओल आलीये, रंगाचे पोपडे पडायला लागलेत. नवरा म्हणतोय आत्ता सांगू नको, ॲग्रीमेंट रिन्यू होऊ दे मग सांगू, उगाच कटकट करणारे भाडेकरू वाटायला नको.

तर विचारायचं हे की लांबच्या मुदतीचं काही मागता येतं का, कसं मागायचं, आणि एका घरात दहा-बारा वर्षं राहिलेलं कुणी इथे आहे का, तुम्ही नक्की काय केलंत?

---

डोंबिवली_पूर्व

ताई आम्ही तेरा वर्षं एकाच घरात आहोत, तेव्हा थोडं हक्काने सांगतो. ओल आजच सांगा. आज म्हणजे आजच. पोपड्यांचे फोटो काढा, कधीपासून आहे ते लिहा आणि काकांना पाठवा, फोन पण करा. रिन्यू झाल्यावर सांगितलंत तर पोपडे बघून त्यांना कळणारच की हे जून-जुलैपासूनचं आहे, आणि मग पुढच्या प्रत्येक गोष्टीत त्यांना वाटणार हे लोक लपवतात. लांब राहणाऱ्या मालकाला सगळ्यात जास्त भीती याचीच असते, आपल्या घरात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही याची. ती भीती तुम्ही काढून टाकलीत ना की अर्धं काम झालं.

आमच्याकडे पहिल्याच वर्षी मोरीतून खालच्या घरात गळायला लागलं. खालचे वहिनी चिडून वर आल्या. मी मालकांना लगेच फोन केला, त्यांच्याच ओळखीचा प्लंबर बोलावला, त्याने काय सांगितलं ते मालकांशी फोनवर बोलायला लावलं, दोन जणांकडून खर्चाचा अंदाज घेतला, आणि काम चालू असताना दोन दिवस सुट्टी टाकून घरी थांबलो. पैसे मालकांनीच दिले, द्यायलाच हवे होते. पण नंतर ते स्वतःहून म्हणाले की तुम्ही होतात म्हणून मला पुण्याहून यावं लागलं नाही. त्या दिवसापासून आमचं नातं बदललं.

बाकी आम्ही काय करतो ते जसं आठवेल तसं लिहितो. भाडं 1 तारखेला सकाळी जातं, ट्रान्स्फर करताना महिना आणि वर्ष लिहितो म्हणजे त्यांना पासबुकात शोधायला लागत नाही. नळाचा वायसर, ट्यूब, बेल, कडी हे आम्ही करतो आणि सांगत पण नाही. लाईट बिल त्यांच्या नावावर आहे पण भरतो आम्ही, तर दर महिन्याला भरल्याचा स्क्रीनशॉट. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही, मालकाच्या नावाने घरी येणारी टपालं. सोसायटीच्या सभेची नोटीस, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, बँकेचं पत्र, काहीही आलं की त्याच दिवशी फोटो काढून पाठवायचा आणि मूळ कागद एका फाईलमध्ये ठेवायचा. आमच्या मालकांची ती फाईल आता एवढी जाड झालीये आणि दिवाळीत ते आले की आधी ती घेऊन बसतात, फराळ नंतर.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझा पगार अर्ध्यावर आला होता. मी 1 तारखेच्या आधी फोन केला, खरं ते सांगितलं, तीन महिने अर्धं भाडं दिलं आणि राहिलेलं पुढच्या मार्चपर्यंत थोडं थोडं करून पूर्ण फेडलं, प्रत्येक वेळी किती बाकी ते लिहून पाठवायचो. तारीख उलटून गेल्यावर सांगितलं असतं तर मला नाही वाटत आम्ही आज इथे असतो.

---

आईचं_घर_ठाणे

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे आईचा फ्लॅट तिच्यानंतर माझ्याकडे आला आणि मी तो भाड्याने देते. म्हणून मालकाच्या डोक्यात काय चालतं ते सांगते.

तुम्ही विषय काढला की काकांना भाडं वाढवायचं आठवेल ही भीती सोडा हो. मालक विसरत नाही. ॲग्रीमेंट कधी संपतंय ते माझ्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेलं असतं. उलट दोन महिने राहिले आणि भाडेकरू काहीच बोलत नाही म्हटल्यावर मला वाटायला लागतं की हे निघणार बहुतेक, आणि मी ब्रोकरला फोन करते. तुमचे काका सुद्धा कदाचित हाच विचार करत असतील.

हिशोब सांगते. घर एक महिना रिकामं राहिलं तर एक महिन्याचं भाडं गेलं, मेंटेनन्स मात्र चालूच. रंग काढायला लागतो. ब्रोकर मालकाकडूनही घेतोच. तुमच्या 24,000 च्या घरात फक्त रिकाम्या महिन्याचंच बघितलं तरी नवीन माणसाकडून महिना हजार जास्त मिळवून ते भरून निघायला दोन वर्षं लागतात. शिवाय नवा माणूस कसा निघेल देव जाणे. माझा आत्ताचा भाडेकरू बाजारभावापेक्षा दोन हजार कमी देतो आणि मी त्याला वर्षाला 5 टक्क्यांच्या वर कधी वाढवलेलं नाही, कारण मला त्याच्याकडून रात्री दहाला सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येत नाही. आधीच्या वेळी यायचा. पार्किंगवरून, कचऱ्यावरून, गॅलरीतून पाणी खाली सोडतात यावरून. सोसायटीला भाडेकरूशी बोलायचं नसतं, ते मालकालाच धरतात, आणि एकदा तसे चार फोन आले की आपण मनातून ठरवूनच टाकतो की या वेळी रिन्यू नाही करायचं.

अजून एक, विचारल्याशिवाय घरात बदल नको. माझ्या एका भाडेकरूने ओट्याच्या वरच्या टाइल्स फोडून चिमणी बसवली, काम छान केलं होतं, पैसे त्यांचेच, पण ते आईने निवडलेले टाइल्स होते आणि मला कळलं ते घर बघायला गेल्यावर. मी काही बोलले नाही पण खूप रडले होते घरी येऊन. एक फोन केला असता तर मी हो म्हटलं असतं बहुतेक.

लांबची मुदत मागितल्यावर काका थोडे बिचकले तर वाईट वाटून घेऊ नका, त्या पिढीच्या मनात जुनी भीती आहे. माझे वडील कायम म्हणायचे 11 महिन्यांच्या वर द्यायचं नाही म्हणजे नाही. का ते इथले जाणकार सांगतील.

---

स्टॅम्प_आणि_सही

मी ॲग्रीमेंट रजिस्ट्रेशनची कामं करतो, वकील आहे. वरच्या ताईंनी विचारलं म्हणून आधी ते.

मुंबईच्या जुन्या 1947 च्या भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 ला जे लोक लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मालकाने दिलेल्या राहण्याच्या परवान्यावर, घरात राहत होते ते कायद्याने भाडेकरू मानले गेले. म्हणजे ज्यांनी वर्षा-दोन वर्षांसाठी घर दिलं होतं त्यांना ते परत मिळवताना कोर्टात पिढी गेली. ती धास्ती घराघरात राहिली. आणि 11 हा आकडा कुठून आला तर 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, मग खर्च वाचवायला लोक वर्षाच्या आत थांबायला लागले.

आता परिस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो 11 महिन्यांचा असो की 3 वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, नाही केली तर त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोंदणीकृत करारच नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. म्हणजे नोंदणी मालकाच्याही फायद्याची. आणि कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. काकांना हे माहीत असेल तर 36 महिन्यांची भीती त्यांना वाटायचं कारण नाही. 60 महिन्यांपर्यंतचे करार आम्ही नेहमी करतो.

खर्चाचं म्हणाल तर स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या भाड्यावर अधिक डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर 0.25 टक्के. तुमचं 24,000, दरवर्षी 5 टक्के वाढ, डिपॉझिट 75,000, 36 महिने धरले तर साधारण 2,330 रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. तेच 11-11 महिन्यांचे तीन करार केले तर दोन्ही मिळून 5,000 च्या वर जातात, आमची फी आणि हँडलिंग चार्ज दर वेळी वेगळा. म्हणजे लांबचा करार स्वस्त पडतो आणि वाढ किती ते आधीच लिहिलेलं असतं, दरवर्षी घासाघीस नाही.

आता जे लोक सांगत नाहीत ते. करारात लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही ती अट, कुणासाठी आहे ते वाचा. पुष्कळ तयार मसुद्यांमध्ये नोटीस देऊन कधीही बाहेर पडता येतं, तशा 36 महिन्यांना काही अर्थ उरत नाही. दोघांनाही लागू असलेला निदान 24 महिन्यांचा लॉक-इन मागा. आणि दुसरं, लायसन्स हा मालकाने दिलेला परवाना आहे, घर विकलं तर घेणाऱ्यावर तो आपोआप बंधनकारक नसतो, 1882 च्या ईझमेंट कायद्याचं कलम 59. तुमचं पहिलं घर असंच गेलं. म्हणून विक्री झाली तर निदान तीन महिन्यांची नोटीस आणि डिपॉझिट चावी देतानाच परत, हे लिहून घ्या. विक्री थांबवता येणार नाही पण शाळेचं वर्ष मध्येच मोडणार नाही एवढी सोय होते.

आणि तुमची ओल. सगळ्यात वरचा मजला म्हणजे ती बहुधा गच्चीतून आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीत, पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं सोसायटीच्या खर्चात येतं, मालकाच्या खिशातून नाही. पण तक्रार सभासदाने करायची, म्हणजे काकांनी. तुम्ही लपवलंत तर काकांचा अर्जच जाणार नाही आणि सोसायटी या वर्षीच्या दुरुस्तीत तुमच्या वरचा भाग धरणार नाही. म्हणजे न सांगून तुम्ही त्यांचं नुकसान करताय.

---

दोन_पिशव्या

वरचं सगळं बरोबर आहे पण माझा अनुभव पण ऐका. मी पण अशीच खूप चांगली भाडेकरू व्हायला गेले होते. मालक तोंडी म्हणाले राहा हो पाच वर्षं, घर तुमचंच समजा. आम्ही समजलो. किचन ट्रॉल्या आणि एक भिंतीतलं कपाट स्वतःच्या पैशाने केलं, 65,000 गेले. आठ महिन्यांनी त्यांना घर हवं झालं. कपाट काढून नेण्यासारखं नव्हतं. वर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले, म्हणाले भिंतीला खिळे ठोकलेत, आणि त्यातले निम्मे आधीच्या लोकांचे होते. माझ्याकडे एक फोटो नव्हता.

म्हणून सांगते, प्रेमाने राहा पण सगळं लेखी. घरात पाऊल टाकलं त्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, प्रत्येक नळ उघडून, मीटरचं रीडिंग, आणि तो मालकांना पाठवून ठेवा. कर्वेनगर ताई तुम्ही केला नसेल तर रिन्यूच्या वेळी करा, उशीर झालेला नाही. मोठा खर्च करायचा असेल तर भाड्यातून किती वळते होणार ते मेसेजमध्ये हो म्हणून घ्या मगच सुताराला बोलवा. आणि जे मालकाचं काम आहे ते मालकालाच करू द्या. मी गीझर पण स्वतः बदलला होता, चांगलं दिसावं म्हणून. त्याची आठवण पण कुणाला राहिली नाही.

---

कर्वेनगर_आई

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, डोळ्यात पाणी आलं खरंच. डोंबिवली दादा तुमचा आजच हा शब्द वाचला आणि दुपारीच काकांना फोटो पाठवले, लगेच फोन केला. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले दोन वर्षांपूर्वी पण तिथेच आली होती, सोसायटीने वरवरचं केलं, बरं झालं पावसातच सांगितलंस, आता ओल दिसत असतानाच अर्ज करतो. आणि मग स्वतःच म्हणाले, ॲग्रीमेंटचं बोलायला रविवारी येतो. आता माझ्या पोटात गोळा आलाय. काय बोलू? सरळ दहावीपर्यंत म्हणू का?

---

आईचं_घर_ठाणे

सरळ म्हणा. मुलीची शाळा, आधीची दोन घरं, सगळं जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. माझ्या भाडेकरूने मला सांगितलं होतं की त्याच्या आईचं डायलिसिस जवळच्या हॉस्पिटलला चालू आहे म्हणून त्याला घर सोडायचं नाहीये, त्यानंतर मी कधी दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही. लोकांना कारण कळलं पाहिजे. आणि वाढ तुम्हीच आधी बोला, 5 टक्के दरवर्षी असं. मागून घ्यायला लागलं की मालकाला कसंतरीच होतं.

---

स्टॅम्प_आणि_सही

पाच वर्षं एकदम मागण्यापेक्षा 36 महिने मागा, मग परत 36. एचआरए, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावर करसवलत, घेत असाल तर काकांचा पॅन लागणार, वर्षाला 1 लाखाच्या वर भाडं आहे, ते पण रविवारीच बोलून घ्या, मार्चमध्ये ऐनवेळी नको.

---

कर्वेनगर_आई

उशिराने लिहितेय, मधे गणपती होते.

काका-काकू दोघं आले. मी पोहे केले होते, नवऱ्याने हिशोब एका कागदावर लिहून ठेवला होता, स्टॅम्पचा पण. काकांनी तो नीट वाचला. 1973 चं त्यांना माहीत होतं, त्यांच्या सख्ख्या मावशीचं दादरचं घर तसंच अडकलं होतं म्हणे. काकू मुलीच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत, तिने त्यांना सगळी पुस्तकं दाखवली.

मग काकांनी एक गोष्ट सांगितली जी मला अजिबात माहीत नव्हती. सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे. अजून फक्त बोलणं, बिल्डर ठरलेला नाही, पण दहावीपर्यंतचा शब्द मी तुला देऊ शकत नाही पोरी, खोटं बोलल्यासारखं होईल, असं म्हणाले. मला वाईट वाटलं पण त्यांनी सांगितलं याचं बरं पण वाटलं. मग असं ठरलं, 36 महिने, 5 टक्के वाढ, लॉक-इन दोघांना 24 महिन्यांचा, विक्री किंवा रीडेव्हलपमेंट ठरलं तर चार महिन्यांची नोटीस आणि शक्यतो एप्रिल-मे मध्येच. चार महिने काकूंनी सुचवले, आम्ही तीनच मागणार होतो.

पॅन दिला. घराचा व्हिडिओ काका समोर असतानाच काढला, दोन_पिशव्या ताई तुमच्यामुळे. त्यांना राग नाही आला, उलट म्हणाले मला पण पाठव. टपालाची फाईल पण केलीये, त्यात पहिलाच कागद सोसायटीच्या सभेच्या नोटिशीचा, ती दहा दिवस आमच्या फ्रिजवर तशीच पडून होती आणि मला कधी सुचलंच नव्हतं पाठवायचं.

शनिवारी एजंट अंगठे घ्यायला येतोय. गच्चीचं काम पाऊस थांबल्यावर करू असं सेक्रेटरींनी काकांना लेखी दिलंय, तोपर्यंत आम्ही कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवलंय. खोके मात्र मी टाकले नाहीत, मुलीला विचारलं तर ती म्हणाली तीन वर्षं म्हणजे मी आठवीत असेन ना, मग त्यातले दोन मला प्रोजेक्टला दे.